उशाखालचे लोखंड

खोपोलीला लागूनच असलेल्या साजगावात कार्तिकात जत्रा भरते. तुकोबा व्यापारानिमित्त इथे येत, अशी इथली आख्यायिका. पण पंचक्रोशीत ही जत्रा ओळखली जाते ती सुक्या मासळीच्या बाजारासाठी, इतकी की देवाचे नावच बोंबल्या विठोबा पडले. खालापूर-कर्जतच्या वाड्यांवरून ठाकर-कातकरी बायाबापड्या येतात, पुढच्या कित्येक महिन्यांचे बोंबील, जवळा, सुकट बांधून घेतात आणि अंधार पडायच्या आत परततात. अंधार पडल्यावर काय होते, याच्या गोष्टी या भागात कुणाला सांगाव्या लागत नाहीत. वर बोरघाट आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर हिरव्या लुगड्यातली, हातभर बांगड्यांची, मोकळ्या केसांची बाई गाडीला हात करते, ही कहाणी ट्रक ड्रायव्हरांच्या दोन-तीन पिढ्यांनी जिवंत ठेवली आहे. बाई देखणी. तिने हाक मारली की पुरुष भुलतो, तिच्यामागे जातो, पुढे महिन्या-दोन महिन्यांत सुकून मरतो, कारण ती रोज रात्री त्याचे रक्त पिते. तिला ओळखायची खूण एकच, तिचे पाय उलटे असतात.

ही हडळ. आरोग्यविषयक स्तंभात तिचे काय काम, असे वाटू शकते. पण हडळ होते कोण, हा प्रश्न विचारला की ती थेट प्रसूतिगृहाच्या दारात येऊन उभी राहते. हडळ, अळवंत, जखीण, लावसट ही नावे गावागणिक बदलतात आणि त्यांच्यातले भेदही बदलतात. पण कोकणातल्या जुन्या समजुतीत एक गोष्ट कायम आहे. गरोदरपणी, बाळंतपणात किंवा बाळंतविटाळ फिटायच्या आत मेलेल्या बाईला गती मिळत नाही, ती परत येते. म्हणून तिच्या प्रेतामागे वाटेवर राळे किंवा मोहरी टाकण्याची रीत होती. दाणे वेचता वेचता उजाडावे आणि तिला घर गाठता येऊ नये. उंबऱ्यात खिळे ठोकत. म्हणजे ज्या घरात ती सून म्हणून नांदली, ज्या घराला मूल देताना मेली, त्याच घराने तिच्यासाठी दार बंद करायचे.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. ग्रीकांची लामिया ही लिबियाची राणी. देवांचा राजा झ्यूस तिच्यावर भाळला, त्याची बायको हेरा संतापली आणि तिने लामियाची मुले मारली. त्या दुःखाने लामियाची झोप गेली, रूप विद्रूप झाले आणि ती इतरांची मुले खात सुटली. तिला क्षणभर तरी विसावा मिळावा म्हणून झ्यूसने तिला स्वतःचे डोळे काढून बाजूला ठेवण्याची सोय करून दिली, असाही एक तपशील आहे. लेस्बॉस बेटावरची गेल्लो ही अकाली मेलेली कुमारिका. तीही परत येते आणि तान्ही बाळे नेते. एम्पूसा रूप पालटते, तरुणांना भुलवते. तिला ओळखायचे पायावरून, एक पाय पितळेचा म्हणून. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला फिलोस्ट्रेटसने कॉरिंथ शहरातल्या मेनिप्पस नावाच्या तरुणाची हकिकत लिहिली. सुंदर, श्रीमंत परदेशी बाईशी त्याचे लग्न ठरते. लग्नाच्या दिवशी तत्त्वज्ञ अपोलोनियस तिला उघडे पाडतो आणि ती कबूल करते, की ती या तरुणाला खाऊपिऊ घालून पुष्ट करत होती, कारण तरुणांचे रक्त शुद्ध असते. कॉरिंथपासून बोरघाटापर्यंत बायकांचे पाय तपासायची ही रीत पाहून कौतुकच वाटते. त्यांच्या पापण्या आणि नखे कुणी तपासली असती तर बरे झाले असते, कारण दुखणे तिथे दिसते.

आता या गोष्टीतले रक्त कुठून आले ते पाहू. नऊ महिने भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटून बाहेर आली की तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या बंद करणारे कुठलेही झाकण शरीरात नसते. गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि त्याच्या धाग्यांमध्ये त्या वाहिन्या चिमटल्या जातात, एवढीच व्यवस्था. स्नायू थकला, सैल राहिला, वारेचा तुकडा आत अडकला, तर रक्त थांबत नाही. बाळंतपणानंतर 500 मिलिलिटरहून अधिक रक्त गेले की त्याला वैद्यकात प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन तासांत बाई दगावू शकते. पूर्वीच्या काळी त्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत काय दिसले असेल? गोधड्या भिजताहेत, बाई पांढरीफटक पडत चालली आहे, बडबडते आहे, पाणी मागते आहे आणि तिच्या अंगातले रक्त जाते आहे. कुठे जाते हे दिसते, का जाते हे कळत नाही. मग ते कुणीतरी पिते आहे, असे वाटणे फार दूरचे नव्हते. पुढे ती मेली की पिणारी म्हणून तिचेच नाव लागे. जिचे रक्त गेले ती रक्तपिपासू ठरली.

सुटल्यासारखी वाटणारी बाईसुद्धा कधी कधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदलायची. झोप नाही, केस मोकळे, कुणी नसताना कुणाशी तरी बोलणे, बाळाला ढकलणे किंवा घट्ट आवळणे. याला आज प्रसूतिपश्चात मनोविकृती म्हणतात. दर हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना ती होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असलेली ही तातडीची अवस्था औषधांनी आटोक्यात येते. झोप हरपलेली, मुलांच्या जिवावर उठलेली लामिया वाचताना मनोविकारतज्ज्ञाला कुणाची आठवण होईल हे वेगळे सांगायला नको. तिच्यावर मिरचीची धुरी आणि छडी हे उपाय मात्र आजही संपलेले नाहीत. गरोदरपणी रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांचेही तेच. दातखीळ बसली, डोळे फिरले की ‘बाहेरचे’ झाले.

बाळांचे कारणही असेच. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, आणि तिची बाधा झाली तर बाळ जाते. पाचवी पुजण्यामागची ही धास्ती निराधार नव्हती. विळ्याने कापलेल्या, राख-शेण लावलेल्या नाळेतून धनुर्वाताचे जंतू शिरले तर बाळ सुरुवातीचे दोन-तीन दिवस चांगले पिते आणि मग पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, बहुधा सातव्या दिवसाच्या आसपास, तोंड आवळून घेते; दूध ओढणे थांबते, अंग ताठते. दिवसांचा हिशेब बायकांनी बरोबर ठेवला होता, चूक फक्त आरोपीच्या नावात होती. गरोदर बाईला धनुर्वाताची लस, स्वच्छ पाते आणि दवाखान्यातले बाळंतपण यांनी हा रोग हटला. 2015मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. सटवाईची पूजा चालूच आहे आणि त्याला कुणाची हरकत असायचे कारण नाही. बाळ वाचले म्हणून झालेली पूजा गोडच लागते.

राहिला तो भुललेला तरुण. रात्री जाग येते, खोलीत कुणीतरी आहे असे वाटते, छातीवर भार येतो, हातपाय हलत नाहीत, ओरडता येत नाही. झोपेच्या स्वप्नावस्थेत शरीराचे स्नायू मुद्दाम सैल ठेवलेले असतात. मेंदू जागा झाला आणि स्नायू अजून त्याच अवस्थेत राहिले की हा अनुभव येतो. मिनिटाभरात तो संपतो. जागरण आणि पाळ्यांची नोकरी असणाऱ्यांना तो अधिक येतो. तेव्हा घाटात रात्रभर गाडी हाकणाऱ्यांकडे अशा कहाण्यांचा साठा असावा हे साहजिक. आणि महिनोन्महिने सुकत जाणारा, रात्री घामाने भिजणारा, खोकताना रक्त टाकणारा तरुण म्हणजे बहुतेकदा क्षयाचा रोगी. रॉबर्ट कॉख याने 24 मार्च 1882 रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. त्यानंतर 10 वर्षांनीही, 1892मध्ये, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये क्षयाने मेलेल्या मर्सी ब्राउन या तरुणीचे प्रेत गावकऱ्यांनी उकरले. ती रात्री येऊन भावाचे रक्त पिते असा संशय होता. तिचे काळीज जाळून त्याची राख भावाला पाजली. भाऊ दोन महिन्यांत गेला. भुताचा हा आरोप बाईवरच का येतो, असा प्रश्न इथेही पडतोच. घरातल्या तरुण मुलाला काही झाले की नव्या सुनेच्या ‘पायगुणा’चे नाव घेणाऱ्या समाजात त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

हे सगळे इतिहासजमा झाले असते तर हा लेख इथेच थांबला असता. बाळंतपणातले मृत्यू खरोखरच कमी झाले आहेत. 2018-20च्या आकडेवारीनुसार देशात दर लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावतात, महाराष्ट्रात 33. राज्याने अभिमान बाळगावा असाच हा आकडा. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे जीव वाचवण्यात आपण पुढे गेलो आणि रक्त राखण्यात मागे आलो. राज्यातली निम्म्याहून अधिक बाईमाणसे फिकट आहेत. त्यांचे रक्त पिणारे मात्र देखणे वगैरे काही नसते.

अनवाणी पायांच्या कातडीतून शिरणारा अंकुशकृमी आतड्याला चिकटून राहतो. त्याच्या मोठ्या जातीचा एक किडा दिवसाला 0.2 मिलिलिटरपर्यंत रक्त पितो. असे शे-दोनशे किडे असले की रोज काही चमचे रक्त जाते. हीच खरी रक्तपिशाच्चे, आणि इथेही प्रश्न पायांचाच आहे, फक्त उलट्या नव्हे, उघड्या पायांचा. त्यात हिवताप, अतिस्रावाची पाळी, एकापाठोपाठ एक बाळंतपणे आणि पुरुषांनंतर उरलेले जेवण. माणसाच्या सबंध शरीरात लोह असते अवघे तीन-चार ग्रॅम, बाईच्या अंगात त्याहूनही कमी. एखाद्या लहानशा खिळ्याचे वजन. एका बाळंतपणाला त्यातले साधारण एक ग्रॅम लागते. दोन-तीन वर्षांत दुसरे मूल आले तर खिळा झिजतच जातो. तशात चाळीस किलो वजनाची, हिमोग्लोबिन सात असलेली बाई बाळंत होताना अर्धा लिटर रक्त गमावते, तेव्हा तिच्याकडे तोटा सोसायला काही शिल्लक नसते. धडधाकट बाईला जे सहज झेपते ते तिला मारते. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन 11च्या खाली गेले की तो पंडुरोग आणि सातच्या खाली गेले की तीव्र पंडुरोग, हे आशाताईच्या वहीत लिहिलेले असते. बाईला मात्र ‘थोडे रक्त कमी आहे’ एवढेच सांगितले जाते, जणू दुधात थोडी साखर कमी आहे.

यातला एक योगायोग नजरेआड करण्यासारखा नाही. हडळ लोखंडाला भिते, अशी समजूत आहे. म्हणून बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी, उंबऱ्यात खिळा. बाळंतिणीला वाचवायला लोखंड लागते, हे म्हणणे शंभर टक्के बरोबर. ते उशाखाली न ठेवता पोटात जायला हवे, इतकाच फरक. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची लाल गोळी आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस तीच गोळी, अशी तरतूद आहे. गोळ्या मिळतात. त्या खाल्ल्या जातात का, हे पाहायला कुणी नसते. गोळीने मळमळते, शौच काळी होते, ‘मूल काळे होईल’ असे कुणी सांगते आणि पाकीट पत्र्याच्या डब्यात जाते. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, लिंबू-आवळ्याबरोबर ती अधिक अंगी लागते आणि लगेच चहा प्यायला तर बरीचशी वाया जाते, या तीन वाक्यांसाठी डॉक्टरला पाच मिनिटे बसावे लागते. गोळी चालतच नसेल किंवा दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह देता येते. जंताची गोळीही पहिले तीन महिने उलटल्यावर देता येते.

आणि साजगावच्या बाजारातले बोंबील? नाचणी आणि पालेभाज्यांतले लोह शरीर कंजुषीने उचलते. ताटात थोडीशी मासळी असली तर तेच लोह अधिक शोषले जाते. शिवाय रक्त घडवायला लागणारी प्रथिने आणि बी-12 जीवनसत्त्व मासळीतून मिळते. सुकटीची चटणी-भाकरी हे गरिबाचे जेवण म्हणून हिणवले जाते, पण गरोदर बाईच्या ताटात तिला मानाची जागा हवी. तीच मासळी सोवळ्या-ओवळ्याच्या किंवा ‘वातूळ’ म्हणण्याच्या नावाखाली बाळंतिणीच्या ताटातून काढून घेतली जाते तेव्हा हडळ कुणी घडवली, हे विचारायला हवे. रक्तदाब वाढलेल्या बाईने तेवढे खारवलेले पदार्थ बेताने खावेत.

अंधश्रद्धाविरोधी भाषणांत या सगळ्याचे खापर भगतावर फुटते. त्याचा दोष आहेच. झपाटले म्हणून मारहाण करणे, उपचारापासून रोखणे हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर का होईना, तो कायदा झाला. पण रात्री दोन वाजता भगत वाडीत असतो, हेही खरे आहे. बाई दगावण्याआधी तीन ठिकाणी उशीर होतो, असे सार्वजनिक आरोग्यशास्त्र मानते. दवाखान्यात न्यायचे ठरवण्यात, तिथवर पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. भगताला पहिल्या उशिराचा जाब विचारता येईल. उरलेल्या दोन उशिरांचा जाब कुणाला विचारायचा? 19 जुलै 2023च्या रात्री याच खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा अख्खे सरकार मदतीला निघाले आणि त्यालाही पायथ्यापासून चिखलातून चालत चढावे लागले. डोंगरातल्या कितीतरी वाड्यांची वाट आजही तशीच आहे. रक्त थांबवायला हातात दोन तास असतात, हे लक्षात ठेवून त्या वाटेकडे पाहावे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, समुद्रकाठी. या वाड्या सह्याद्रीच्या पायथ्याला. गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन थंड जागी ठेवावे लागते, वीज गेली की त्याचा भरवसा नाही. तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड स्वस्त आहे. त्याचा फायदा 2017मध्ये हजारो बायकांवरच्या मोठ्या चाचणीत दिसला. पण ते बाईपर्यंत किंवा बाई त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचली तर.

ग्रीकांच्याच देशात, लामियाच्या गोष्टी मुलांना सांगितल्या जात होत्या त्याच काळात, हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या कुणा वैद्याने फेफऱ्यावर ग्रंथ लिहिला. लोक याला पवित्र रोग म्हणतात, पण तो इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्यालाही कारण आहे, असा त्याचा मुद्दा होता. चोवीसशे वर्षे झाली त्याला. आज प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करून कारण नोंदवण्याची सरकारी पद्धत आहे. हडळीची गोष्ट हीदेखील गावाने केलेली तशीच एक नोंद होती. इथे एक तरुण बाई मेली, रक्त जाऊन मेली आणि ती आम्हाला विसरता येत नाही, एवढे त्यात खरे होते. तिचे नाव आणि मरणाचे कारण तेवढे गळाले. सरकारी अर्जातही बहुतेकदा नाव आणि आजार उरतो, वाट नव्हती हे गळते. चौकशीचा निष्कर्ष ज्या वाडीत मृत्यू झाला तिथे जाऊन सोप्या भाषेत सांगितला जावा, ही मागणी फार मोठी नाही. कारण कळले नाही की तिथे लोक आपले कारण भरतात.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात गरोदर बाई ना गावच्या यादीत असते, ना भट्टीच्या. साजगावची जत्रा नेमकी त्याच सुमारास भरते आणि मासळी घ्यायला त्या बाया स्वतःच्या पायांनी येतात. बोंबलांच्या पालांशेजारी एक टेबल, बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन सांगणारे यंत्र आणि भट्टीवर निघालेल्या गरोदर बाईच्या गाठोड्यात बांधून द्यायला सहा महिन्यांच्या लाल गोळ्या, एवढे या कार्तिकात करायला आरोग्य खात्याला नवा निधी किंवा नवा कायदा लागणार नाही.